पेवातल्या बाटल्या आणि दुसरी साक्ष

मी, गिरजाबाई जौजे चंपत गिऱ्हे, जात माळी, धंदा बागायत, वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे (आई सांगायची, मी टोळधाडीच्या साली जन्मले, ते साल कोणते ते टोळांनाच विचारावे), राहणार वाशीम, तालुका मजकूर, जिल्हा अकोला, प्रांत वऱ्हाड, आज रोजी आपल्या ओसरीवर बसून, भाकर खाऊन झाल्यावर, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र सांगते. अक्षराशी माझी ओळख झाली नाही. त्याने कधी हाक मारली नाही आणि मीही वाट वाकडी केली नाही. म्हणून मी बोलते आणि जानराव अर्जनवीस लिहितात. बोलेन ते लिहायचे, गाळायचे नाही, असा करार झाला आहे. आतापर्यंत त्यांनी दोनदा लेखणी खाली ठेवली आणि दोनदा उचलली. हे सांगण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालू शकणारा एकच माणूस होता, तो जाऊन नऊ वर्षे झाली.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मरायचे कधी डोक्यातच आले नव्हते.

खाली लिहिलेली मिळकत माझ्या स्वतःच्या कष्टाची आहे. पती चंपत कापसाच्या कारखान्याच्या साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करीत. मी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन वाशीमच्या सगळ्या गल्ल्या चालले. घर आणि बाग त्या टोपलीतून निघाली. खरेदीखत माझ्या नावाचे आहे. चंपतनीच तसे करायला लावले. म्हणाले, "तुया नावानं राहू दे. मी मेलो त भाऊबंद मले खातीन. तुले कोणी खात नाही, तू कडू हायेस."

कलम पहिले. घर. पूर्वेस हौसाबाईचे अंगण, पश्चिमेस सरकारी रस्ता, उत्तरेस बोळ, दक्षिणेस आमचेच परसू. पूर्वेची हद्द हौसाबाईच्या कोंबड्या मानत नाहीत, हे मी तीस वर्षे तोंडी सांगत आले, आता लेखी सांगते. हे घर माझा मुलगा उकंडराव याला द्यावे. त्याच्या आधीची दोन लेकरे राहिली नाहीत, म्हणून तो झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलून घेतला आणि नाव उकंड ठेवले. तेव्हापासून त्याला घाणीचा इतका तिटकारा, की पाहुणा उठला की लगेच ओसरी झाडतो. पाहुणा बसलेला असतानाच झाडू नये, एवढी सूचना.

कलम दुसरे. बाग, विहीर, मोट आणि बैलजोडी, हेही उकंडरावला. काटेरी वांग्याचे बी मात्र सून मनकर्णाबाई हिच्या हाती राहील. उकंडराव सगळ्यात मोठे वांगे बियाला ठेवतो. मनकर्णा सगळ्यात चवदार झाडाचे ठेवते. मोठे वांगे बाजारात दिसायला बरे, भरीत मात्र चवदाराचेच होते.

कलम तिसरे. परसातले पेव. आता इथे अर्जनवीसांना सांगते की पाय मोकळे करून बसा, हे कलम लांबणार आहे.

हे पेव जागेच्या आधीच्या मालकाने ज्वारीसाठी खोदले होते. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढे. आत पोट मोठे, दीड पुरुष खोल. आम्ही बाग घेतली तेव्हा ज्वारी ठेवण्याइतकी पिकत नव्हती, म्हणून ते रिकामे होते. वैशाखात वर खापर तापते तेव्हाही आत पहाटेसारखे गार. माझ्या धन्याला ही जागा पाहून जे सुचले ते वाशीमात दुसऱ्या कोणाला सुचले नसते.

बंगल्यावर गोव्याचा एक खानसामा होता. साहेबाच्या टेबलावरची उरलेली द्राक्षाच्या दारूची बाटली तो स्वयंपाकघरात आणी आणि चंपतला अर्धा पेला देई. नुसता देत नसे, शिकवी. आधी वास घे. मग घोट तोंडात फिरव. मग सांग, काय आठवते. चंपत पहिल्या दिवशी म्हणाले, "भिजलेली चिंच." खानसामा म्हणाला, "तुला येईल." साहेब विलायतेला कायमचे गेले तेव्हा बंगल्यातले सामान विकले गेले. लोकांनी खुर्च्या घेतल्या. आम्ही दोन काचेचे पेले आणि बूच काढायचा पेच घेतला. सासूबाई म्हणाल्या, "बसाले काही आणलं नाही, पडाले आणलं."

पडलो कधीच नाही, हे मी लेखी देते. वर्षाला दोन बाटल्या, कधी तीन. अकोल्याच्या पारशाच्या दुकानातून शेजारी गोविंदसिंग आणून देत. ते बंगल्यावर चौकीदार होते. बागेची शेवटची खेप विकली की आम्ही दोघे परसात खाटेवर बसत असू, दिवस उतरताना. पुढे वांग्याचे भरीत, कांद्याची पात आणि एकेक पेला. चंपत घोट घेऊन डोळे मिटायचे आणि मी विचारायची, "काय आठवून राह्यलं?" एकदा म्हणाले, "तुई टोपली. मेथी ओली असते तवा टोपलीच्या बुडाले येते तो वास." माझ्यावर कोणी याहून चांगले बोललेले नाही.

आज पेवात अकरा बाटल्या आहेत. त्या सर्व सून मनकर्णाबाई हिला द्याव्यात.

उकंडराव, त्या तुझ्या बायकोला जातात हे तुला आज कळते आहे, तरी उठू नकोस. तू जातीच्या पंचांपुढे दारू न पिण्याची शपथ घेतली, ती तुझी. तुझ्या बायकोने घेतली नाही, मी चौकशी केली आहे. लग्न होऊन आली त्या दिवाळीला हिने पेव झाडायला काढले. आडव्या पडलेल्या बाटल्या पाहून हिला वाटले, सासरचे लोक अव्यवस्थित. तिने सगळ्या पुसून, देवघरातल्या देवांसारख्या ओळीने उभ्या केल्या आणि गळ्यातले दोरे मळके म्हणून तोडून टाकले. मला अक्षर येत नाही, म्हणून गजऱ्याच्या दोऱ्याला गाठी मारून मी बाटल्या ओळखत असे. एक गाठ म्हणजे लाल आंबट, दोन म्हणजे गोड पोर्ट, आणि दोऱ्याचा रंग म्हणजे साल. एका सकाळी माझी सगळी पोथी कोरी झाली. उभ्या बाटल्यांची बुचे वाळली आणि वर्षभरात चार बाटल्यांचा सिरका झाला. त्या साली लिंबाचे लोणचे असे उतरले, की हौसाबाईने दोनदा वाटी पाठवली. मी मनकर्णाला बोलले नाही असे नाही. आठ दिवस बोलले. नवव्या दिवशी ती म्हणाली, "आत्याबाई, आता मले त्या गाठी शिकवा."

मी शिकवल्या. पहिली बाटली उघडली तेव्हा तिने न सांगता आधी वास घेतला. तेव्हाच मी ठरवले की ही वारस आहे.

मनकर्णा, हे लक्षात ठेव. पेवाचे झाकण काढल्याबरोबर उतरायचे नाही. आत कोंडलेली हवा माणूस मारते. आधी दोरीने दिवा सोडायचा आणि तो जळत राहिला तरच पाय टाकायचा. बाटली आडवीच ठेवायची, बूच ओले राहिले पाहिजे. घेताना चित्र पाहायचे नाही. चित्र जेवढे मोठे तेवढी आत गोष्ट लहान. बाटली उजेडात धरून मानेपर्यंत भरलेली आहे का पाहायची. बुचाभोवती चिकट लागले तर परत द्यायची. पारशाला विचारायचे, तुमच्याकडे कोणती पडून आहे? तो लाजून जी मागच्या फळीवरून काढील ती स्वस्त असते आणि पुष्कळदा तीच चांगली असते, कारण तिला कोणी हलवलेले नसते. पांढरी घेऊ नकोस. आपल्या उन्हात तिचे मन लागत नाही. ओतताना हात धीमा ठेवायचा आणि बुडचा गाळ बाटलीतच राहू द्यायचा.

कलम चौथे. या कलमात एक जुने भांडण आहे.

माझी मुलगी रुख्मिणी इथून सहा कोसांवरच्या मालेगावात दिली, जावयाचे नाव गुलाबराव, व्याही दौलतराव. पोर चणीने बारीक, म्हणून लहानपणापासून पेवात तीच उतरे. आधी दिवा खाली जायचा, मग आम्ही वाट पाहायचो, मग ती उतरायची आणि खालून ओरडायची, "माय, दिवा जळून राह्यला! कोन्ती देऊ?" तोंड अरुंद असल्यामुळे आवाज घुमून वर यायचा, एका पोरीचा चार पोरींसारखा.

अठरा वर्षांपूर्वी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. नामकरणाला दौलतराव मालेगावहून बैलगाडीने आले, सोबत जातीतले पाच पंच. त्याच साली जातीने दारूबंदीचा ठराव केला होता आणि ठरावावर पहिले नाव दौलतरावांचे होते. उन्हाचे आले, चेहरा उतरलेला, गादीवर बसले आणि म्हणाले, "इहीनबाई, अंगात जीव नाही राह्यला." आमच्याकडे बाळंतिणीसाठी पोर्टची बाटली उघडलेली होती; डॉक्टरही अशक्त माणसाला ती सांगत. मी पेलाभर दिली. खोटे बोलले नाही. त्यांनी विचारले नाही.

प्यायले आणि म्हणाले, "वा! काय शरबत हाये हो इहीनबाई! द्राक्षाचं काय? आनखीन द्या." दुसरा दिला. तिसराही त्यांनी स्वतः मागितला, पंचांना म्हणाले, "आपल्या बायकायले शिकवा असं काही." चंपत दारात उभे राहून मला डोळ्याने नको नको म्हणत होते. पण तीन वर्षे पेवात निजवलेली बाटली, आणि एवढा दर्दी माणूस! माझ्या पोटात राहिले नाही. मी सांगितले की इवाई, हे शरबत नाही, ही वाईन आहे, आमच्या हातची जपलेली.

आणि मी हसले.

हे अठरा वर्षे कोणाला सांगितले नाही, ते इथे लिहून ठेवते. लोक म्हणतात गिरजाबाईने व्याह्याला दारू पाजली. पाजण्यात माझी चूक नव्हती. त्यांना तरतरी हवी होती, आली. सांगण्यातही नव्हती. पण ठराव करणारा माणूस तिसरा पेला हातात धरून बसलेला पाहून मला हसू फुटले, पाच पंचांसमोर, आणि मग पंचही हसले. दौलतरावांनी पेला खाली ठेवला. जोराने ठेवला नाही, अगदी हळू ठेवला. तेव्हाच मला कळायला हवे होते. ते सुनेला म्हणाले, "चाल वं पोरी. लेकरू घे." बाराव्या दिवशीची बाळंतीण भर उन्हात गाडीत बसली. गाडीत बसताना रुख्मिणीने माझ्याकडे पाहिले. ती वाट पाहत होती, मी काही बोलेन. एवढी बोलकी मी, माझ्या तोंडाला अजून ते हसू चिकटलेले होते.

त्यानंतर माहेर बंद. चंपत गेले तेव्हा तेराव्याला जावई एकटे आले, अंगणात उभे राहिले, पाणी न घेता गेले. उकंडरावने त्याच दिवशी सांगितले, "मी त्यायच्या दारात पाय ठेवणार नाही," आणि ठेवला नाही. एकदा मंगरूळच्या दर्ग्याच्या उरुसात बांगड्यांच्या दुकानापाशी मी तिला पाहिले. पाच हातांवर होती. पाठमोरी असताना मी तिला ओळखले नाही, कारण अंगावरचे लुगडे माझ्या माहितीचे नव्हते. वळली तेव्हा ओळखले. सोबत दौलतराव होते. तिने पदर पुढे घेतला आणि बांगड्या भरायला हात पुढे केला. हात आता भरला आहे, सुखी दिसला. कासाराने बांगडी चढवली तेव्हा तिने लहानपणी करायची तसे ओठ दाबले. मी तिथे उभी राहून सगळ्या बांगड्या मोजल्या. बारा होत्या.

मागल्या पौषात दौलतराव वारले. मला कोणी कळवले नाही, भाजीबाजारात कळले. त्या दिवशी मी एक पेला भरून पेवाच्या तोंडाशी ठेवला. बाटली त्यांना आवडलेलीच होती, पोर्ट. तो माणूस वाईट नव्हता, त्याला चव होती. आता रुख्मिणीला कोणी अडवत नाही. अठरा वर्षांची सवय तेवढी अडवते, आणि ती माझ्याकडेही आहे.

कलम पाचवे. माझी मुलगी रुख्मिणी हिला मी या पत्राने काहीही देत नाही. घर नाही, बाग नाही, बाटली नाही, पेलासुद्धा नाही.

अर्जनवीसांनी इथे तिसऱ्यांदा लेखणी ठेवली. म्हणाले, "माय, पोरीले एवढं कठोर?" मी म्हटले, लिहा, कारण पुढे आहे.

कारण असे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. पहिली साक्ष गोविंदसिंग यांची. त्यांनी सकाळी येऊन विचारले, "भाभी, दोन बाटल्या माया नावानं लिहिल्या काय?" अर्जनवीस म्हणाले, ज्याला पत्रातून मिळते त्याने साक्ष घालू नये, उद्या कोर्टात ती लंगडी पडते. गोविंदसिंग म्हणाले, "मंग मी कायले सही करू?" मी म्हटले, मरेपर्यंत थांबता कशाला, आज संध्याकाळी या. तेव्हा कबूल झाले.

ते बोलणे ऐकता ऐकता मला सुचले. दुसरी साक्ष रुख्मिणीची पाहिजे. तिला काही द्यायचे तर साक्ष देता येत नाही, आणि साक्षीला तर इथे यावेच लागते. मालेगावात बसून माझ्या अंगठ्याची साक्ष देता येत नाही. तिने या ओसरीवर यायचे, मी तिच्यासमोर अंगठ्याची कबुली द्यायची आणि मग तिने निशाणी करायची. घरातले सगळे देऊन टाकण्यापेक्षा मला हे स्वस्त पडते.

दुसऱ्या कोणाचीही साक्ष मी घेणार नाही. ती आली नाही तर हे पत्र अपुरे राहील. अपुरे राहिले तर काय, तेही अर्जनवीसांकडून समजून घेतले आहे. बाईच्या स्वकष्टाची मिळकत कागद नसेल तर धर्मशास्त्राप्रमाणे मुलाआधी मुलीकडे जाते. म्हणजे उकंडराव, घर आणि बाग तुला हवी असेल तर बैल जुंपायचे आणि बहिणीला आणायचे. नाही आणलीस तर सगळे तिचे, आणि मग ते घ्यायला ती येईलच. दोन्ही वाटा तिला इथेच आणतात. एका वाटेवर मी जिवंत असते, एवढाच फरक.

हे कलम मी अर्जनवीसांना उकंडरावला बसवून वाचून दाखवायला लावले. त्याने ऐकले. ओसरी झाडण्यासाठी इकडे तिकडे पाहिले, केरसुणी मनकर्णाने उचलून ठेवली होती.

मग म्हणाला, "माय, हे त फसवणं झालं."

"फसवलं असतं त तुले वाचून दाखवलं असतं काय रे बाप्पा?"

"ती नाई आली त?"

"त नाई आली. इचारून त पाह्य."

"काय सांगू तिले?"

मी याचे उत्तर तोंडपाठ केले होते, अठरा वर्षे करत होते, आणि ऐनवेळी बोलले दुसरेच. मी म्हटले, "सांग, माय म्हणे मी हसायले नोको होतं."

तो बैलांना पेंढी टाकायला उठला. उद्या उजाडताच निघतो म्हणाला.

कलम सहावे आणि शेवटचे. जाऊन येऊन सहा-सहा कोस, म्हणजे गाडी परत यायला दिवस उतरेल. मनकर्णा उद्या दुपारी पेवातून एक गाठीची, तांबड्या दोऱ्याची बाटली काढील. ही सगळ्यात जुनी आहे, गाठी नव्याने बांधल्यावर चंपतनी निजवलेली. भरीत टाकील. स्वस्तातली लाल बाटली घाई सोसत नाही. तासभर आधी उघडून ठेवली नाही तर घसा खरवडते. म्हणजे गाडी नाल्यापलीकडे दिसायच्या आधी, आत एक माणूस आहे की दोन हे कळायच्या आधीच बूच काढावे लागेल. काढलेले बूच परत बसत नाही, आणि उघडलेली लाल दुसऱ्या दिवसाला राहत नाही. मी काढायला लावणार आहे.

मी सांगितलेले सर्व मला दोनदा वाचून दाखवले, ते माझ्या बोलण्याप्रमाणे आहे, फक्त अर्जनवीसांनी दोन शिव्या वगळल्या आहेत. कोणाला होत्या ते मी त्या त्या माणसाला समक्ष सांगेन.

ठिकाण : वाशीम
तारीख : ७ मार्च १९३७

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : गिरजाबाई जौजे चंपत गिऱ्हे

लिहिणार : जानराव इढोळे, अर्जनवीस, वाशीम

साक्षीदार पहिला : गोविंदसिंग ठाकूर, माजी चौकीदार, राहणार वाशीम. सही दस्तूरखुद्द.

साक्षीदार दुसरी : रुख्मिणी जौजे गुलाबराव वझिरे, राहणार मालेगाव. निशाणी :

(वरील ओळीपुढे जागा कोरी ठेवली आहे. इतर कोणी तिथे हात लावू नये.)